मशीन दुरुस्त करू की ईएमआयवर नवं घेऊ?

पुण्याजवळच्या वाकडच्या एका वाचकाचं पत्र, थोडं छोटं करून:

"सात वर्षांपूर्वी ३४ हजारांना घेतलेलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन महिनाभरापासून धुणं अर्ध्यावर सोडून थांबतं. आत पाणी तसंच राहतं, घर्रर्र आवाज येतो, कपडे पिळले जात नाहीत. मेकॅनिक म्हणाला, पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, ११ हजार लागतील. गेल्या वर्षी साडेतीन हजारांचा एएमसी (वर्षभराचा देखभाल करार) घेतला होता, पण पार्ट त्यात येत नाहीत म्हणे. शोरूममध्ये ४२ हजारांचं नवं मशीन बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर मिळतंय, वर साडेपाच हजारांत चार वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी. क्रेडिट कार्डावर आधीचे ९० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, आम्ही कधीच चुकवत नाही. पॉइंट्स मिळतात म्हणून किराणाही कार्डावरच भरतो. मुलीच्या शिक्षणासाठी माझ्या नावावर एक-एक लाखाच्या तीन एफडी आहेत, त्यांना हात लावायचा नाही. दिवाळीच्या बोनसमध्ये कार्ड साफ करून टाकेन. मशीनचं काय करू?"

मशीनचं राहू द्या जरा बाजूला. मिनिमम ड्यू कधीच चुकवत नाही, हे तुम्ही शाबासकी मिळेल अशा थाटात लिहिलंय, आणि मी तिथेच अडलो. अहो, बँकेला याहून लाडका ग्राहक दुसरा नाही!

कार्डावरचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के. ९० हजारांवर झाले ३,१५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ३,७०० धरून चाला. म्हणजे वर्षाला ४४ हजार. शोरूममधलं ते मशीन तुम्ही दर वर्षी विकत घेताय, फक्त ते घरी येत नाही. महिन्याला पाचेक हजार मिनिमम भरत असाल, तर त्यातून मुद्दल हलतं हजार-तेराशेनं, आणि तेवढा किराणा आठवड्याभरात त्याच कार्डावर पुन्हा चढतो. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर कर्ज वर्षानुवर्षं फिटणार नाही, हे बँकेनं स्टेटमेंटवर बारीक अक्षरांत स्वतःच छापलेलं असतं. एकदा वाचा.

आणखी एक गोष्ट कार्ड विकणारा कधी सांगत नाही. मागची बाकी ठेवली की पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत बंद. नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे तुमच्या तूरडाळीवरही वर्षाला ४० टक्क्यांच्या वर व्याज चाललंय, आणि बदल्यात मिळतात पॉइंट्स. वीस हजारांच्या किराण्यावर पन्नास-शंभर रुपयांचे पॉइंट्स पडले तरी खूप झालं.

दुसऱ्या हाताला तीन लाखांच्या एफडी. सात टक्के धरले तर एका लाखावर वर्षाला सात हजार, तेही कर कापायच्या आधी. सात हजार मिळावेत म्हणून ४४ हजार घालवायचे, आणि त्याला मुलीचं शिक्षण म्हणायचं? त्या एफडीला हात लावायचा नाही ही भावना मला कळते. पण मुलीच्या पैशाला भोक पडलंय ते कार्डाच्या बाजूनं.

तेव्हा या आठवड्यात एक एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून बँक अर्धा-एक टक्का कापेल, हजाराच्या आत-बाहेर. कापू दे. कार्डाची पूर्ण रक्कम भरा, मिनिमम नाही. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज पुन्हा दिसेल. दचकू नका, तेही पूर्ण भरा. मग दोन महिने कार्ड कपाटात, किराणा यूपीआयनं. आणि सुटलेले ३,७०० दर महिन्याला आरडीत. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत लाख-सव्वा लाख पुन्हा उभे राहतील.

दिवाळीच्या बोनसवर माझा भरवसा नाही. गेल्या दिवाळीलाही बोनस आलाच असेल ना? तो कुठे गेला?

आता ईएमआय. नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज लावते आणि तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. ४२ हजारांवर हा फटका हजाराच्या आत-बाहेर, म्हणजे जीवघेणा नाही. खरी भानगड वेगळी आहे. महिना साडेतीन हजारांचा हप्ता अख्खाच्या अख्खा मिनिमम ड्यूत मिळवला जातो. पाचेक हजारांचे साडेआठ होतील. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली की न भरलेला हप्ताही वर्षाला ४२ टक्के व्याजाच्या गाड्यात जाऊन बसतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ नका. घ्यायचीच हौस असेल तर आधी काय वगळलंय ते वाचा: रबर, प्लॅस्टिक, पाइप, उंदरानं कुरतडलेली वायर. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी हाही त्यातलाच प्रकार. त्यात बहुधा फक्त मोटर येते, बोर्ड नाही आणि मजुरीही नाही. तुमच्या एएमसीचं तर काय बोलायचं! ३४ हजारांचं मशीन सात वर्षं चाललं, म्हणजे वर्षाचा खर्च पाच हजारांपेक्षा कमी. त्यावर साडेतीन हजारांचा करार, तोही बिनपार्टांचा. नाकापेक्षा मोती जड.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. पाणी आत राहतं, पंप घरघरतो, पिळणं होत नाही, यावर पहिला संशय पीसीबीवर जातच नाही. बोर्ड गेला म्हणणाऱ्याला अकरा हजार देण्याआधी एक सुटी घालवा. प्लग काढा. गरम पाण्याचं सायकल असेल तर थंड होऊ द्या. खालच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते, ती नाण्यानं किंवा नखानं उघडते. आत ड्रेन फिल्टर. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा, बाजूला बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू फिरवा. दोन रुपयांचं नाणं, हेअरपिन, शर्टाचं बटण, ओल्या लोकरीसारखा गाळ, यातलं काहीतरी निघेल अशी माझी अपेक्षा आहे. मागचा पाइप भिंतीशी दाबला गेला नाही ना, तेही बघा. तरीही अडलं तर ड्रेन पंप बदलायला मजुरीसकट दीड-दोन हजार. खरोखर बोर्डच गेला असेल, आणि ड्राय बाल्कनीत पालीनं बोर्ड घालवल्याची उदाहरणं आहेत, तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर पुण्यात आहेत. अकरा हजारांच्या बऱ्याच आत काम होतं.

टँकरचं पाणी येत असेल तर नळाजवळची जाळी महिन्याला धुवा, दोन-तीन महिन्यांनी क्षार काढणारी डीस्केलिंग पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. पावडर साबण अर्धा करा. दाराचं रबर पुसून दार उघडं ठेवा, वास जाईल.

नवं मशीन कधी? पिळताना जेट विमानासारखा आवाज येऊ लागला, ड्रम हातानं हलवला तर डुगडुगतो, कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, तेव्हा बेअरिंग गेलं समजा. सात वर्षांच्या मशीनवर तो मोठा खर्च करू नका. तेव्हा रोखीनं घ्या, आणि रोख देतोय म्हणून किती कमी करता, हे आधी विचारा.

जाता जाता, एएमसीचं नूतनीकरण कार्डावर ऑटो-डेबिटला लावलं असेल. ते आजच बंद करा.