८ जीबी रॅम आहे, तर लिनक्समध्ये स्वॅप किती ठेवू?

तुमचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, त्यावर उबुंटू टाकताय, आणि कुणीतरी 'रॅमच्या दुप्पट' म्हणजे १६ जीबी स्वॅप (रॅम भरली की त्यातलं काही उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा) ठेवायला सांगितलंय. नका ठेवू.

हायबरनेट (उघडं काम जपून मशीन पूर्ण बंद करणं) करणार नसाल तर ४ जीबी पुरे. करणार असाल तर निदान रॅमइतकी हवी, कारण मशीन बंद होताना रॅममधलं सगळं स्वॅपमध्येच लिहून ठेवलं जातं. मी १० ठेवीन. झाकण मिटल्यावर होतं ते सस्पेंड, त्याला स्वॅप लागत नाही.

दुपटीचा नियम रॅम मेगाबाइटमध्ये मोजायचे त्या काळातला. मीही पाळला होता: ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, ८ जीबी स्वॅप. एका रात्री मीच लिहिलेला एक प्रोग्रॅम मेमरी खात सुटला. मशीन बंद पडलं असतं तर बरं, ते रांगत राहिलं. माउस हलवला की अर्ध्या मिनिटाने बाण हलायचा, डिस्कची करकर थांबेना. शेवटी पॉवर बटण दाबून धरलं. स्वॅप कमी असती तर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारी यंत्रणा) त्या प्रोग्रॅमचा गळा बराच आधी आवळला असता.

मग रागाने स्वॅप पार काढून टाकली. आठवड्याभरात त्याच ओओएम किलरने अर्धा भरलेला फॉर्म उघडा असताना ब्राउझर मारला. थोडी स्वॅप असली की सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रॅमची मेमरी कर्नल तिकडे सरकवतो आणि चालू कामाला रॅम मोकळी मिळते. म्हणून 'फ्री' कमांडमध्ये स्वॅप वापरलेली दिसली तर घाबरू नका. 'व्हीएमस्टॅट १' चालवा. 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये) या रकान्यांत मोठे आकडे सतत येत राहिले तर रॅमच कमी पडतेय. तिथे स्वॅप वाढवून उपयोग नाही, रॅम घ्या.

आणि हा आकडा काही जन्माचा नाही. उबुंटू १७.०४ पासून पार्टिशनऐवजी (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) स्वॅप फाइल बनवतं. स्वॅपऑफ करा, हव्या त्या आकाराची नवी फाइल बनवा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) द्या, मेकस्वॅप, स्वॅपऑन. पाच मिनिटांचं काम. हायबरनेट करायचं असेल तर मात्र आत्ताच वेगळं पार्टिशन काढा. फाइलवरून करताना ती डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते ते कर्नलला सांगत बसावं लागतं.