निवृत्तीनंतर पेनांगला स्थायिक व्हायचे असेल, तर पहिल्या भेटीत काय पाहावे?

साठी उलटलेल्या जोडप्याने मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाउनमध्ये, कायमचे राहायला जावे का आणि आधी एकदा जाऊन यायचे तर नेमके काय पाहावे, असे आपण विचारले आहे. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. ती सोय झाल्यावर आम्ही दोघे पुण्याहून गेलो आणि जवळजवळ पूर्ण मुदत राहिलो. माझा सल्ला एवढाच, की तेथे रोज पायी चालून पाहा.

पहिले चार दिवस आम्ही जुन्या शहरात, लिटल इंडियाच्या कडेला हॉटेलात उतरलो होतो आणि तेवढ्यात मी मनाने तेथे बिऱ्हाड थाटलेसुद्धा. 1833 साली उभारलेले महामारिअम्मन मंदिर, केळीच्या पानावरचे जेवण, तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सर्व काही मिळणारी दुकाने आणि थोडे चालले की मशीद, चर्च, चिनी देऊळ. या जुन्या भागाला 2008 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा का दिला, ते सांगावे लागत नाही. (अर्थात तेथील भारतीयपण मुख्यतः तमिळ आहे. हिंदीच्या भरवशावर जाऊ नये, इंग्रजीवर मात्र निभते.)

पत्नीचे मत निराळे होते, कारण ते तिच्या गुडघ्यांनी ठरवले होते. जुन्या दुकानघरांपुढे छपराखालची सलग पडवी असते, तिला मलय भाषेत ‘काकी लिमा’ म्हणजे ‘पाच फूट’ म्हणतात. ऊन-पावसाच्या गावात ही कल्पना उत्तमच आहे. परंतु प्रत्येक घराचे जोते वेगळ्या उंचीचे असल्यामुळे दर पंधरा-वीस पावलांवर वीतभर चढावे किंवा उतरावे लागते, मध्येच कोणाची मोटारसायकल किंवा कोणाच्या खुर्च्या आडव्या आल्या की रस्त्यावर उतरणे भाग पडते, आणि बऱ्याच ठिकाणी पडवी व रस्ता यांच्यामध्ये गटार असते. तिसऱ्या दिवशी अशाच एका पायरीपाशी खांबाला धरून ती थांबली आणि म्हणाली, “रोज भाजी आणायला हे करायचं का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

पाचव्या दिवशी आम्ही पुलाउ टिकुस या वस्तीत महिनाभाड्याच्या सदनिकेत गेलो. (नावाचा अर्थ ‘उंदरांचे बेट’, प्रत्यक्षात ना बेट, ना विशेष उंदीर.) खाली सकाळचा बाजार, जुन्या शहरात नेणारी 101 क्रमांकाची बस, चालत जाता येईल अशा अंतरावर समोरासमोर थाई आणि बर्मी बौद्ध मंदिरे. तेथे पत्नीचा चेहरा उजळला. तरीही पुण्यातली पहाटेची फेरी तेथे जमली नाही. मलेशियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, साडेसहाला बाहेर अंधार असतो, आणि नऊपर्यंत दमटपणाने सदरा अंगाला चिकटतो. 1884 साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानात स्थानिक वृद्ध फिरायला येतात, पण माकडांमुळे हातात पिशवी धरून जाऊ नये. संध्याकाळी गर्नी ड्राइव्ह या समुद्रकाठच्या रस्त्यावर वारा मिळाला तरच खऱ्या अर्थाने चालणे होई.

आणखी एक गोष्ट पर्यटकाच्या चार दिवसांत कळत नाही. काही वर्षी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरील जंगले आणि दलदलीची जमीन पेटते आणि तो धूर पेनांगपर्यंत येतो. 2015 आणि 2019 मध्ये तो फार वाढला होता. दम्याचा त्रास असलेल्यांनी याचा विचार आधीच करावा. वैद्यकीय सोयी मात्र उत्तम आहेत, इंडोनेशियाहून लोक उपचारांसाठी तेथे येतात.

हे सर्व आधी तपासायला सांगतो, कारण दीर्घकाळ राहण्याच्या ‘मलेशिया माय सेकंड होम’ योजनेच्या 2024 मधील नियमांनुसार रौप्य श्रेणीलाही दीड लाख अमेरिकी डॉलरची मुदत ठेव ठेवावी लागते आणि तेथे घर विकत घ्यावे लागते. भाड्याचे घर महिन्याभरात सोडता येते. विकत घेतलेल्या घराच्या दारातली पायरी तशी सोडता येत नाही.

आम्ही अजून अर्ज केलेला नाही. पुढच्या खेपेस मुद्दाम ऑक्टोबरमध्ये, पावसाचा जोर असताना, पुन्हा पुलाउ टिकुसलाच जायचे ठरले आहे. इमारतीच्या दारापासून बसथांब्यापर्यंत एकही उंच पायरी नसावी, ही पत्नीची अट आहे आणि सदनिका शोधताना मी प्रत्येक घरमालकाला प्रथम तेच विचारतो आहे.