जेल मऊ की कडक, हे आधी मोजून घे

पहिल्याच प्रयोगात मूलपेशींचं भवितव्य (त्या कुठल्या प्रकारच्या पेशी बनणार, हे) ठरवायला निघू नकोस, आधी त्यांना ज्यावर वाढवायचं ते जेल जमू दे. २००६ साली एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेसेन्कायमल मूलपेशी (हाड, स्नायू अशा ऊतींकडे वळू शकणाऱ्या) ०.१ ते १ किलोपास्कलच्या (हे कडकपणाचं एकक) मऊ जेलवर चेतापेशींसारख्या फांद्या काढतात, ८ ते १७ वर स्नायूकडे झुकतात आणि २५ ते ४० वर हाडाकडे. आकडे लक्षात ठेव, पण प्रोटोकॉलच्या तक्त्यातला कडकपणा आपल्या जेलमध्ये उतरलाच असं धरून चालू नकोस. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड (ज्याचं हे जेल बनतं) फुगलं की मऊ पडतं, म्हणून बफरमध्ये रात्रभर ठेवून मगच मोज. थर जाडही हवा. काही मायक्रॉनचाच असेल, तर पेशीला खालची काच जाणवते आणि तुझा ‘मऊ’ जेल नावापुरता मऊ राहतो.

पेशी मायोसिनच्या (आकुंचनाचा जोर लावणाऱ्या प्रथिनाच्या) जोरावर खालचा पृष्ठभाग ओढून पाहते. ब्लेबिस्टॅटिन या रसायनाने मायोसिन थांबवलं की मऊ-कडक हा भेदच पुसला जातो. हा कंट्रोल टाळू नकोस. पेशींना चिकटायला दिलेला कोलॅजनचा (प्रथिनाचा) लेपही सगळ्या जेलवर सारखाच बसलाय ना, तपास. नाहीतर फरक कडकपणाचा की चिकटण्याचा, यावर परीक्षक तुला सोलून काढतील (आणि त्यांचं बरोबरच असेल).

पेशी कशाकडे झुकतात हे कळायला आठवडाभर थांबण्याआधी याप (YAP, कडकपणाला प्रतिसाद देणारं प्रथिन) याचं स्टेनिंग करून, म्हणजे ते रंगवून, बघ. कडक जेलवर ते केंद्रकात दिसायला हवं. आणि हो, प्लास्टिकवर फार दिवस वाढलेल्या पेशी घेऊ नकोस. त्या कडकपणाची आठवण घेऊन येतात.