वाचकांचे प्रश्न : भिंतीला नाचातलं काय द्यायचं?

प्रश्न : दादा, मी परभणीत मुलींना कथक शिकवते. मुली नाचतील तशा मागच्या भिंतीवर रेषा उमटाव्यात, अशी फार इच्छा आहे. बाहेरून करून घ्यायचं तर खर्च झेपत नाही. आमच्या ऐपतीत होईल का? आणि त्या झगमगाटात नाचच झाकला जाईल का?
– एक नृत्यशिक्षिका

उत्तर : ताई, नक्की होईल. लॅपटॉप, त्याचाच कॅमेरा आणि भाड्याचा प्रोजेक्टर एवढ्यावर सुरुवात करा. प्रोसेसिंग ही चित्रकारांना जमेल अशी संगणकभाषा २००१ पासून आहे, तीही फुकट. मीडियापाइप हे हालचाल ओळखणारं सॉफ्टवेअरही फुकट आहे. साध्या कॅमेऱ्यातून ते अंगावरच्या ३३ खुणा हेरतं : खांदा, कोपर, मनगट, घोटा. मनगट किती वेगाने फिरलं त्यावर रेषेची जाडी बांधता येते. हाताशी अभियांत्रिकीचा एखादा विद्यार्थी घ्या.

मी स्वतः पहिल्यांदा ठेचाळलो ते अंबाजोगाईत. जुन्या वाड्याच्या चौकात देवीचा गोंधळ होता आणि मी किनेक्ट हा खोली टिपणारा कॅमेरा लावला होता. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून अंतर मोजतो. दिवटी पेटली आणि चित्रात तिथे भोकच पडलं, कारण ज्योतीतूनही तोच प्रकाश निघतो. मी दिवटी बाजूला ठेवायला सांगितली. म्हातारे गोंधळी म्हणाले, ‘‘दिवटी नाही तर गोंधळ कसला?’’ खरं होतं त्यांचं. मी कॅमेरा काढला, संबळाजवळ माइक ठेवला. मग ठोक्याठोक्याला चुन्याच्या भिंतीवर उजेड फुटत गेला.

तुमच्याकडेही कॅमेरा अडखळेल. घागऱ्याच्या घेरात गुडघे लपतात. चक्करमध्ये पाठ वळली की डावा-उजवा हात उलटा धरला जातो. शिवाय रेषा किंचित मागून येते. ठाटात, म्हणजे संथ उभ्या पवित्र्यात, ते खपून जातं; तत्कारात, म्हणजे पायांच्या बोलांत, नाही : पाय समेवर पडून जातो आणि भिंत मागाहून उजळते. म्हणून तत्काराला लाकडी फळीखाली पिझो चकत्या, म्हणजे हादऱ्याचा विजेचा इशारा करणाऱ्या चकत्या, चिकटवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात. फळीचा हादरा थेट लॅपटॉपला पोचतो, उशीर कमी होतो.

सगळं तिथल्या तिथेच घडायला हवं असंही नाही. अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९९९ च्या ‘बायपेड’ या नृत्यात नर्तकांच्या हालचाली आधीच टिपून ठेवल्या होत्या. प्रयोगात त्यांच्या रेखाकृती पारदर्शक पडद्यावर चालत आणि पडद्यामागे खरे नर्तक नाचत.

नाच झाकला जातो तो सगळ्याच खुणा भिंतीवर सोडल्या की. एकीचंच मनगट घ्या, नाहीतर नुसते पाय. सवड काढून मुलींना औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं दाखवा. गाभाऱ्याच्या भिंतीवरच्या शिल्पात मधोमध नर्तिका आहे, भोवती वाजवणाऱ्या बायका. अख्ख्या नाचातली एकच घडी शिल्पकाराने दगडाला दिली आहे आणि तिच्यात कमरेचा बाक अजून जिवंत आहे. त्या भिंतीसमोर मुलींनाच ठरवू द्या, आपल्या भिंतीला काय द्यायचं ते.

पाय ठरले तर फळीची लांबी-रुंदी कळवा. चकत्या कुठे बसवायच्या, त्याचा आराखडा मी काढून देतो.