काळ्या ओट्यावरचे पांढरे वळ: आधी दगड ओळखा

ताई, तुम्ही लिहिलंय की ओट्यावर संत्र्यांचा रस काढला, सकाळी पांढरट गोल वळ दिसले, ते जावेत म्हणून लिंबू-मीठ घासलं तर आणखी पसरले. दुकानदाराने 'ग्रॅनाइट' म्हणून दिलेल्या दगडाला असं का व्हावं, हा तुमचा प्रश्न.

मला वाटतं तो ग्रॅनाइट नाही, पॉलिश केलेला कडप्पा आहे. आपल्याकडे काळा ओटा दिसला की सरसकट ग्रॅनाइट म्हणतात, पण दोघांची जात वेगळी. कडप्पा हा चुनखडीचा दगड. कोटा आणि संगमरवरही त्याच घरातले. त्यांच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि लिंबू, संत्रं, चिंच, व्हिनेगर, टोमॅटो यांतली आंबटाई ते खाते. ग्रॅनाइटवर घरगुती आंबटाईचा सहसा काही परिणाम होत नाही.

खात्री करायची असेल तर गॅसच्या शेगडीखाली, जिथे दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. चकाकी जाऊन राखाडी ठिपका उरला की चुनखडीचा दगड. दिवसाच्या उजेडात अगदी जवळून पाहिलंत तर ग्रॅनाइटमध्ये बारीक चमकते कण दिसतात. कडप्पा एकसारखा सपाट काळा असतो.

दुसरी खूणगाठ रंगाची. काळ्या दगडावरचा वळ दगडापेक्षा फिका आणि बोटाला किंचित खरखरीत लागत असेल, तर पृष्ठभाग झिजलाय. तिथे पुसून काढायला काही नाहीच, म्हणून घासाल तितका वाढेल. डाग दगडापेक्षा गडद असेल तर तेल किंवा रंग आत मुरलाय, आणि तो ओढून काढता येतो. सावजी रस्सा करणाऱ्या घरांत शेगडीभोवती असे तेलाचे डाग हमखास सापडतात. त्यावर खायचा सोडा आणि पाणी यांचा घट्ट लेप बोटभर जाड लावा, वर प्लास्टिक चिकटवून एक दिवस ठेवा, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या आणि लाकडी उलथन्याने उचला. जुना डाग असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. घाई करू नका, लेप वाळतानाच तेल वर येतं.

सिंकच्या कडेला बोअरच्या पाण्याने जमणारा पांढरा थर हे तिसरं प्रकरण. इथेच बायका व्हिनेगर किंवा टाइल्सचं ॲसिड आणतात. तो थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे, म्हणजे जे कडप्प्यात तेच. थर विरघळवणारं ॲसिड दगडालाही सोडणार नाही. ग्रॅनाइट असेल तर साबणाचं पाणी लावून ब्लेड आडवं धरून थर खरवडता येतो. कडप्प्यावर ब्लेड नको, ओरखडे पडतात. प्लास्टिकची पट्टी आणि साबण यावरच भागवा. सगळ्यात बरं म्हणजे रात्री भांडी आटोपली की सिंकची कड कोरडी पुसायची. पाणी वाळलंच नाही तर थर बसणार कुठून?

रोजच्याला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब कोमट पाण्यात, मऊ फडकं, मग स्वच्छ पाणी आणि कोरडं पुसणं. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर ओट्यापासून लांब ठेवा. गरम कुकर थेट टेकवू नका, एकाच जागी तापल्याने दगडाला भेग जाऊ शकते.

पुष्कळजणी कडप्प्यावर खोबरेल चोळतात. वळ झाकले जातात खरे, पण चार दिवसांत चिकटपणा येऊन धूळ बसते. मला ते पटत नाही.

तुमचे वळ जायचे तर पॉलिशच करावं लागेल. फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलावताना फोनवरच 'ओटा कडप्प्याचा आहे, हाताच्या मशीनने डायमंड पॅड लावून करायचा आहे, ॲसिड वापरायचं नाही' असं सांगा. पॉलिशनंतर दगडाला चालणारा सीलर मारून घ्या. सीलरने तेल मुरणं कमी होईल, आंबटाईपासून मात्र तो वाचवणार नाही, तेव्हा संत्री ताटात किंवा लाकडी पाटावरच चिरा. पुढे अधूनमधून ओट्यावर पाण्याचा थेंब टाकून बघत जा. दहा मिनिटांत खालचा दगड गडद झाला की सीलर पुन्हा मारायची वेळ आली.