वाचकांचे प्रश्न : नामवंत आरोपी आणि बचावाचे वकील

प्रश्न : अभिनेता अॅलेक बाल्डविनवरचा अमेरिकेतला खटला तिसऱ्याच दिवशी निकालात निघाला. महागडा वकील परवडला की असंच होतं का?

उत्तर : पैशाने वेळ आणि माणसं मिळतात, हे खरं. पण इथे खटला फिरला तो मुद्देमालाच्या नोंदीवर. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत चित्रीकरणाच्या तयारीत बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि छायालेखिका हलीना हचिन्स मृत्युमुखी पडल्या. सेटवर जिवंत काडतुसं आली कुठून, हा कळीचा प्रश्न होता. मार्च २०२४ मध्ये एकाने काही काडतुसं शेरिफच्या कार्यालयात आणून दिली, या प्रकरणाशी त्यांचा संबंध असू शकतो असं सांगून. ती जमा झाली, पण वेगळ्याच केस-क्रमांकाखाली. साहजिकच या खटल्याच्या मुद्देमालात ती दिसली नाहीत.

जुलैमध्ये बचावाच्या वकिलांनी हे उलटतपासणीत बाहेर काढलं. न्यायाधीशांनी हातमोजे चढवले, भर कोर्टात कात्रीने पाकीट उघडलं आणि काडतुसं स्वतः पाहिली. १२ जुलैला खटला रद्द झाला, तोही पुन्हा दाखल करता येणार नाही अशा आदेशाने. काडतुसांचा या प्रकरणाशी संबंध नाही, हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद टिकला नाही. आरोपीच्या उपयोगी पडेल असा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाने दिलाच पाहिजे, हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच ठरवून दिलं आहे; पोलिसांकडे पडून असलेला पुरावाही त्यात येतो. म्हणून चांगला वकील मिळालेल्या कागदांवर थांबत नाही. जमा वस्तूंची यादी आणि तपासाचे अहवाल तो ओळीने ताडून पाहतो. अहवालात उल्लेख आहे पण यादीत वस्तू नाही, अशी जागा सापडली की लगेच लेखी मागणी करतो. सगळ्या बचावात आम्ही या कंटाळवाण्या कामाला सर्वांत जास्त मोल देतो.

प्रश्न : सगळं आधीच टीव्हीवर पाहिलेली ज्युरी निःपक्षपाती कशी राहणार?

उत्तर : ज्युररला, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या ज्युरीतल्या सामान्य नागरिकाला, काहीच माहीत नसावं, अशी अट नसते, ऐकलेलं बाजूला ठेवता यावं, एवढीच असते. ‘तुम्ही निःपक्षपाती राहाल ना?’ असं विचारलं तर जवळजवळ सगळे हो म्हणतात, म्हणून तो प्रश्न वाया जातो. ‘काय ऐकलंत, कुठे ऐकलंत, त्यावर घरी काय बोलणं झालं?’ असं विचारलं की माणूस कळतो. अमेरिकी फुटबॉलचा माजी खेळाडू ओ. जे. सिम्पसन याच्यावरच्या खुनाच्या खटल्यात संभाव्य ज्युररना जवळपास ३०० प्रश्नांची लेखी प्रश्नावली दिली होती. पूर्वग्रह दाखवून देता आला तर कितीही जणांना वगळता येतं. कारण न देता वगळण्याची संख्या मात्र ठरलेली असते. ती घाईत खर्च केली की शेवटी नकोसा माणूस पत्करावा लागतो.

प्रश्न : निर्दोष असेल तर आरोपी स्वतः साक्ष का देत नाही?

उत्तर : तसं बंधन नाही, आणि त्याच्या मौनावरून ज्युरीने दोष धरायचा नसतो. मायकेल जॅक्सनने २००५ मध्ये साक्ष दिली नाही. तो सर्व आरोपांतून सुटला. पिंजऱ्यात उभं राहिलं की उलटतपासणी आली, आणि एरवी कोर्टासमोर न येणाऱ्या गोष्टीही त्यातून निघू शकतात. वकील सल्ला देतो, निर्णय मात्र अशिलाचाच. सिम्पसनही १९९५ च्या फौजदारी खटल्यात गप्प राहिला आणि सुटला. नंतरच्या दिवाणी दाव्यात त्याला बोलावं लागलं. तिथे वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, पारडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. १९९७ मध्ये तो हा दावा हरला.