ट्रॅमाडॉल बंद केलं आणि बाबा आजारी पडले

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मणक्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे त्यांनी ट्रॅमाडॉल घेतलं. दुखणं थांबलं म्हणून गोळी एकदम बंद केली, तर दुसऱ्याच दिवशी सारख्या जांभया, नाक गळणं, दरदरून घाम आणि रात्रभर पाय शिवशिवणं. पुन्हा एक गोळी घेतल्यावर सगळं शांत झालं. त्यांना व्यसन लागलं का? झोपेसाठी अल्प्राझोलामही चालू आहे. आम्हाला आधी कुणी काहीच का सांगितलं नाही?

उत्तर : आधी अल्प्राझोलामबद्दल बोलते, कारण मला काळजी वाटते ती त्याची. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं औषध आहे. त्याने श्वास मंदावतो. जोडीला झोपेची गोळी किंवा दारू असली तर झोपेतच श्वास थांबू शकतो. दोन्ही औषधं आजच डॉक्टरांना दाखवा. अल्प्राझोलामही मनाने एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. हलवूनही बाबा जागे होत नसतील, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

एवढ्यावरून त्यांना व्यसनी म्हणता येणार नाही. त्यांच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, तशी ती कुणालाही होते. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही गोळीमागे धावतो. हा फरक बाबांना जरूर सांगा. शरमेपोटी माणसं त्रास लपवतात. गोळी डॉक्टरांकडून उतरता क्रम लिहून घेऊन कमी करा. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर मोडून अर्धी करू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

का सांगितलं नाही? मी भूलतज्ज्ञ आहे आणि यात माझाही दोष आहे. कितीतरी वर्षं मी चिठ्ठी देताना फक्त ‘दुखलं तर घ्या’ एवढंच म्हणत होते. एक बाई चार महिन्यांनी परत आल्या, गोळी चालूच. ‘थांबायचं कधी, ते तुम्ही कुठे सांगितलंत?’ त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं : या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं. ती पाहणी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची होती, पण पुढे अनेकांनी ते वाक्य घरी आठवडेच्या आठवडे गोळ्या घेणाऱ्यांनाही लावलं. आता मी पहिली गोळी लिहितानाच थांबायची तारीख लिहिते. बद्धकोष्ठतेचं आणि झोपेच्या गोळीचं विचारते. कर्करोगाच्या वेदनेत मात्र याच कुळातलं मॉर्फिन नाकारणं मला क्रूर वाटतं. तिथे धोके सांगायचे ते औषध नीट घेता यावं म्हणून.

आणखी एक. गोळी सुटल्यावर पुढे कधी पाठ दुखली तर जुन्या पाकिटातला जुना डोस देऊ नका. तोवर शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वी सोसलेला डोसही जिवावर बेतू शकतो. उरलेल्या गोळ्या कशा नष्ट करायच्या ते औषधविक्रेत्याला विचारा, आणि तोवर कुलपात ठेवा.